बोरामणीचा चक्रव्यूह पाहिला आणि शेतात एक मांडला: नोंदी, जानेवारी ते मे २०२६

सोलापूरजवळ होटगीच्या पुढे आत्याच्या शेतात सात वेढ्यांचा दगडी चक्रव्यूह मांडला, त्याच्या या नोंदी. गावात, शाळेच्या पटांगणात किंवा घरामागच्या मोकळ्या जागेत कुणाला असं काही करायचं असेल, तर निदान आमच्या चुका तरी त्यांना पुन्हा कराव्या लागू नयेत. मी चादरीच्या कारखान्यात जकार्डचे ग्राफ काढतो, म्हणजे विणायची नक्षी चौकटींच्या कागदावर घराघराने मांडतो. दगडकाम कधी केलेलं नव्हतं. सोबतीला भाचा होता, यंदाच कॉलेजला लागलेला.

४ जानेवारी, रविवार

डिसेंबरात बातमी आली की बोरामणीच्या माळरानावर गोलाकार दगडी चक्रव्यूह सापडलाय. १५ वेढे, साधारण ५० फूट रुंद. माळरानावरचे पक्षी-प्राणी न्याहाळत फिरणाऱ्यांच्या नजरेला तो पडला. अभ्यासक त्याचं वय सुमारे २००० वर्षं धरतात आणि सातवाहन काळातल्या व्यापाराशी, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या तेरच्या जुन्या बाजारपेठेशी आणि पार रोमपर्यंत जाणाऱ्या मालाशी, त्याचं नातं लावतात. घरापासून अर्ध्या तासावर अशी वस्तू आहे म्हटल्यावर राहवेना.

सकाळी ११ ला निघालो, हैदराबाद रोडने. चहाच्या टपरीवर विचारलं, कुणालाच माहीत नाही. मग आपणच शोधू म्हणून माळावर शिरलो आणि दोन तास पायपीट केली. ऊन डोक्यावर, गवत गुडघ्याएवढं, दगड सगळीकडे सारखेच. एक टिटवी सारखी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. हाती काही लागलं नाही. पेट्रोल १६० रुपये.

घरी आल्यावर लक्षात आलं की टिटवी उगाच ओरडत नव्हती. माळावरचे बरेच पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. वाट माहीत नसताना माळ तुडवत हिंडणं चूकच होतं. तुम्ही जाणार असाल तर माहीतगार माणसाशिवाय जाऊ नका, आणि हद्द वनखात्याची आहे का ते आधी विचारा. नेमकी जागा मी इथे लिहिणार नाही.

११ जानेवारी, रविवार

ओळखीतले एक जण पक्षीगणनेला जातात. त्यांना विनंती केली. ते म्हणाले, "सातच्या आत पोचायचं, नाहीतर दिसणार नाही." तेव्हा कळलं नाही. तिथे गेल्यावर कळलं.

दगड जमिनीतून जेमतेम बोटभर वर आलेले. दुपारी त्यांच्यावरून चालत गेलं तरी समजणार नाही. पण सूर्य नुकताच वर आला होता, तिरपा उजेड होता, प्रत्येक दगडामागे एक लांबुळकी सावली पडलेली. मातीवर काळ्या दोऱ्यांनी कुणी टाके घालावेत तसं. बाहेरून मोजत गेलो. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा १५ भरले. मनात मात्र एकच होतं: हे मांडणाऱ्याने दोरी कुठे धरली असेल?

आणि तिथेच माझ्या हातून चूक झाली. बाहेरच्या वेढ्यातला एक दगड कलला होता. ग्राफवर एखादं घर चुकलेलं दिसलं की हात आपोआप जातो, तसा गेला. वाकलो आणि दगड सरळ केला.

ते गृहस्थ लगेच म्हणाले, "दादा, हात नका लावू. तो पावसानं कलला की जनावरानं, की पहिल्यापासून तसाच होता, हे वाचणारी माणसं येणार आहेत. आता तो तुम्ही ठेवलेला दगड झाला."

आधीचा कोन नक्की आठवत नव्हता, त्यामुळे पुन्हा कलवणंही बरोबर नव्हतं. दगडाचा फोटो आणि काय केलं ते लिहून त्यांच्याकडे दिलं, अभ्यासकांपर्यंत पोचवायला. परतताना गाडीत कुणीच बोललं नाही. घरी पोचल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या हाताला मांडायचंच असेल तर आपला एक मांडू की." या कामाची सुरुवात तिथून.

२४ ते २६ जानेवारी

जोडून सुट्टी आली, गोव्याला गेलो. समुद्रावर नाही, सांगे तालुक्यात, कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला. नदीकाठच्या जांभ्या खडकावर शंभरावर चित्रं कोरलेली आहेत: बैल, हरणं, मोर आणि एक चक्रव्यूह. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली.

दुपारी १२ ला पोचलो. बोरामणीचा धडा अंगवळणी पडला नव्हता, हेच खरं. सपाट उजेडात खडक नुसता तांबडा दिसत होता. साडेचारला परत गेलो तेव्हा रेघा उमटल्या. काही लोक अशा ठिकाणी रेघ नीट दिसावी म्हणून पाणी ओततात, खडूने गिरवतात. तसलं काही करायची गरज नाही, दोन-चार तास थांबायची तयारी हवी.

काठावर बसून हवेतल्या हवेत बोटाने रेघेमागे गेलो. मोबाईलवर या आकृतीचे पन्नास फोटो पाहिले होते, एकदाही वाट डोक्यात बसली नव्हती. इथे दहा मिनिटांत बसली. वाट आत शिरते, मध्याच्या अगदी जवळून जाते आणि लांब बाहेर फेकली जाते. फाटा मात्र कुठेच नाही. लखनौच्या बड्या इमामबाड्यातली भुलभुलैया वेगळी, तिथे फाटे आहेत, माणूस हरवतो. इथे हरवता येत नाही, फक्त चालत राहावं लागतं.

दोघांचा खर्च ६,८०० रुपये. तेवढे नसतील तर हे बोट फिरवणं छापील चित्रावरही करता येईल. पण कराच. नुसतं बघून काही कळत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आज कागद. सात वेढ्यांच्या या आकृतीचं एक बीज असतं. ग्रीसमध्ये पायलॉसच्या राजवाड्यात सापडलेल्या मातीच्या पाटीमागे, इ.स.पू. १२०० च्या सुमाराची, हीच आकृती चौकोनी करून काढलेली आहे. क्रीटमधल्या क्नॉससच्या नाण्यांवर हीच. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात अभिमन्यूच्या प्रसंगात कोरलेला चक्रव्यूहही याच कुळातला.

बीज असं: मध्ये अधिकच्या चिन्हासारखी फुली. तिच्या चार घरांत चार काटकोन, कोपरा फुलीकडे. बाहेरच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके. टोकं मोजा. फुलीची ४, काटकोनांची ८, ठिपके ४. एकूण १६. फुलीचं वरचं टोक उजवीकडच्या शेजारच्या टोकाला कमानीने जोडा. मग डावीकडचं पुढचं मोकळं टोक, आधीच्या कमानीवरून नेऊन, उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकाला. असं करत खालपर्यंत या. ८ कमानी होतात, त्यांच्या मधे ७ वाटा.

मला हे चार वेळा जमलं नाही. कारण धंद्यातलं आहे. जकार्डच्या कामात आम्ही मोराचा, वेलीचा अर्धाच भाग काढतो, उरलेला आरशात दिसावा तसा उलटून घेतो. हाताला तीच सवय. डावं टोक समोरच्याच उजव्या टोकाला जोडत गेलो आणि प्रत्येक वेळी एकात एक बंद कडी तयार झाली. वाटच नाही. पाचव्या कागदावर कळलं की या आकृतीचा सगळा जीव एका घराच्या सरकण्यात आहे. उजवी बाजू डावीपेक्षा एक घर पुढे असते. ते एक घर सरकलं नाही तर वाट उघडत नाही.

संध्याकाळी आत्याकडे कागद नेला. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे तर अडलेल्या बाईला दाखवायचे रे. माझ्या आजीनं ताटात काढलेलं मी बघितलंय. बाईनं डोळ्यानं वाट काढायची, की बाळालाही वाट मिळते म्हणायचे." जागा मागायला गेलो होतो. मागावीच लागली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

विहिरीच्या वरच्या अंगाला मुरमाड पड आहे, तिथे पीक येत नाही. साधारण ४० फूट लांब-रुंद मिळाली. कुसळं काढण्यात अर्धा दिवस गेला.

आकार ठरवायचा हिशोब सोपा आहे. एका रेघेपासून शेजारच्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे एक घर. पूर्ण आकृतीला रुंदी १५ घरं लागते, उंची साडेतेरा घरं. आम्ही दीड फुटाचं घर धरलं, म्हणजे रुंदी साडेबावीस फूट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे यानेच रडवलं.

खुंट्या पाच लागतात. चार ठिपक्यांवर चार. पाचवी वरच्या दोन ठिपक्यांच्या ओळीत, पण फुलीच्या बरोबर डोक्यावर नाही, अर्धं घर उजवीकडे. वरची सगळी अर्धवर्तुळं या पाचवीवरून, अर्ध्या घरापासून साडेसात घरांपर्यंत. खालची वळणं बाकीच्या चार खुंट्यांवरून. भाच्याने पाचवी खुंटी फुलीच्या डोक्यावर ठोकली, मीही हो म्हटलं. सगळ्या कमानी मारून झाल्यावर खाली डावीकडे रेघा अर्धं घर बाहेर, उजवीकडे अर्धं घर आत. कागदावरची माझीच चूक जमिनीवर पुन्हा. सगळं पुसलं.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सिद्धेश्वराला जाऊन आलो. काम नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

खुंटी बरोबर जागी. तरी वर्तुळं जुळेनात. एका टोकाला रेघ सुरू करून दुसऱ्या टोकाला पोचलो की चार बोटांचा फरक. दोष नायलॉनच्या दोरीचा. ताणलं की लांबते, आणि माणूस फिरता फिरता नकळत जास्त ताणतो. दोरीचे १८० रुपये वाया. सळया बांधायची तार आणली, किलोभर, ९० रुपये. तिला प्रत्येक घरावर रंगीत चिकटपट्टी लावली. मग एका दमात आठही कमानी बसल्या.

१ मार्च, रविवार

दगड. शेताच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या वेचून टाकलेले काळे दगड आहेत, फुकट. उचलताना आधी काठीने उलटवायचे. आज सकाळच्या पहिल्या तासात तीन विंचू निघाले. कुणाला काही झालं नाही, पण त्यानंतर हातमोज्यांशिवाय कुणालाही दगडाला हात लावू दिला नाही. हातमोजे २४० रुपये.

दुपारपर्यंत सव्वाशेच्या वर दगड लागले होते. आत्या जेवणाचा डबा घेऊन आली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. डबा ठेवून मांडलेल्या तुकड्यात चालायला गेली, तर तिचं पाऊल बसेना. दगड नऊ इंची, घर अठरा इंची. वाट उरली नऊ इंच. मी कागदावर रेघ काढली होती, रेघेला जाडी नसते. दगडाला असते.

"असल्यात बाळ कसं यायचं बाहेर?" आत्या म्हणाली.

८ मार्च, रविवार

दोन पर्याय होते. लहान दगड आणायचे किंवा घर मोठं करायचं. भाच्याचं म्हणणं वेगळंच, सगळं मोडतोयच तर फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलसारखा करू, ११ वेढ्यांचा. तो तेराव्या शतकातला, जवळजवळ १३ मीटर व्यासाचा, सुंदरच आहे. पण त्याला असं बीज नाही. त्याची वळणं चारही दिशांना तुटून मागे फिरतात, प्रत्येक वळण वेगळं मोजावं लागतं. पहिल्या कामाला तो घेऊ नये असं माझं मत, आणि ४० फुटांत ११ वेढे घेतले तर पुन्हा वाट अरुंद. सातच ठेवले.

घर अडीच फुटांचं केलं. रुंदी साडेसदतीस फूट, उंची चौतीसला थोडी कमी. वाट २१ इंच. सगळ्या रेघांची लांबी जवळपास ४५० फूट, म्हणून फुटाला एक या हिशोबाने साडेचारशे दगड. लावलेले दगड उचलून बाजूला रचण्यात दिवस गेला.

१९ मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारून दहाला शेतात. चुन्याची फक्की टाकून रेघा मारल्या. तीनच्या सुमारास वावटळ आली आणि वरच्या चार कमानी घेऊन गेली. उरलेल्यांवरून शेजाऱ्यांची शेळ्यांची खांडं गेली. त्यांचा काय दोष, त्यांची रोजची वाट होती.

मग चुना पाण्यात कालवून जुन्या किटलीच्या तोटीने धार सोडत गेलो. हे पहिल्यापासूनच करायला हवं होतं. मुरमात धार मुरते आणि वाळली की वारा उचलत नाही. चुन्याच्या दोन गोण्या, ३६० रुपये.

२२ आणि २९ मार्च

दोन्ही रविवार दगड. ट्रॅक्टर घरचाच, डिझेल १,४०० रुपये. दोन बाया मजुरीला, दोन दिवस, रोज ४०० प्रमाणे १,६०० रुपये. दगड लावण्यात त्या माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. मी प्रत्येक दगड आडवा ठेवत होतो. त्यांतल्या एकीने सांगितलं, "साहेब, रुंद बाजू खाली, निमुळती वर. आणि थोडा पुरा, नाहीतर पहिल्या पावसात लोळल." तेव्हापासून प्रत्येक दगडाला तीन बोटं खड्डा. वेळ दुप्पट लागला, पण तेच बरोबर. बोरामणीचे दगड इतकी शतकं जागेवर का राहिले असतील, याचा निदान एक भाग हातांना कळला.

५ एप्रिल, रविवार

शेवटचा दगड ११ वाजता. भाच्याला आत सोडलं आणि मी घड्याळ धरलं. हिशोबाने आत जायची वाट ३९० फुटांच्या आसपास. तो दीड मिनिटात हात हलवत तोंडातून बाहेर.

कागदाशी ताडून पाहिलं, कमानी आठ, सगळं बरोबर. मग मी स्वतः चाललो. तिसऱ्या आणि चौथ्या वेढ्यामधल्या रेघेत तीन फुटांची फट होती. दगडांची घमेली न्यायला वाट म्हणून बायांनी ती ठेवली होती, बुजवायची राहिली. उभं राहून दिसत नव्हती, कारण दगडांच्या गर्दीत फटही दगडांमधल्या सावलीसारखीच दिसते. पायांनी सापडली. तुम्ही मांडलात तर कुणालाही बोलवायच्या आधी स्वतः पूर्ण आत जा आणि पूर्ण बाहेर या.

वाट बरोबर असेल तर वेढ्यांचा क्रम बाहेरून मोजून असा येतो: ३, २, १, ४, ७, ६, ५, मग मध्य. चालताना हा क्रम पुटपुटत जा. आकडा चुकला तर तिथेच काहीतरी मोडलंय.

१२ एप्रिल, रविवार

फट बुजवली, तोंडाशी दोन मोठे दगड. काम पूर्ण. एकूण खर्च वाया गेलेल्या दोरीसकट ३,८७० रुपये, प्रवासाचा वेगळा. शेतातले नऊ दिवस, त्यांतले जवळजवळ चार चुका निस्तरण्यात.

२ मे, शनिवार

मे महिन्याचा पहिला शनिवार जगभर लॅबिरिंथ दिवस, म्हणजे अशा चक्रव्यूहांचा दिवस, म्हणून पाळतात. आपापल्या गावच्या घड्याळाप्रमाणे दुपारी १ वाजता सगळे चालतात, म्हणजे तो एक तास पृथ्वीभर फिरत जातो. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी १ ला दगडांमध्ये म्हाताऱ्या माणसांना उभं करणं मला पटलं नाही. आम्ही सकाळी ६ ला चाललो.

गावातली पोरं, मजुरीच्या दोघी, पक्षीगणनेचे ते गृहस्थ, कारखान्यातले चार जण. पोरं धावत आत गेली, एकमेकांना ओलांडून, ओरडत. एकजण मध्याच्या हातभर जवळून गेला आणि वाट त्याला पुन्हा लांब घेऊन गेली, तेव्हा "अरे बे, लांब चाललो की!" म्हणून थांबला. मागच्याने ढकललं, पुन्हा चालू लागला.

सगळ्यांचं झाल्यावर आत्या उठली. ७८ वर्षांची आहे, गुडघे धरतात. मी हात द्यायला गेलो, तिने काठी मागितली. चपला तोंडाशी काढून ठेवल्या. प्रत्येक वळणावर थांबायची, काठी पुढच्या वाटेवर टेकवायची, मग पाऊल. मध्यात पोचायला तिला २२ मिनिटं लागली. आत उभी राहिली, पदर डोक्यावरून घेतला, ओठ हलत होते. काय म्हणाली ते विचारलं नाही. परत येताना काठी कमी टेकवत होती.

मधल्या वेढ्यात एका मुलाचा पाय लागून दगड कलला. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी जवळ गेलो, दोघांनी मिळून खड्डा खोल केला, रुंद बाजू खाली घेतली आणि माती दाबली. पक्षीगणनेचे गृहस्थ शेजारीच उभे होते, त्यांनीही वाकून एक मूठ मुरूम टाकला.

जूनमध्ये गवत येईल. वाटेतलं काढायचं, दगडांलगतचं ठेवायचं, असं ठरलंय.